बफर बनवणे ही हमाली नव्हे

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक समज इतका रुळला आहे की त्यावर वाद होऊ शकतो हेही कोणाच्या मनात येत नाही. बफर बनवणे हे हलके काम आहे, असा तो समज. नव्याने आलेल्या मुलीला किंवा मुलाला पहिल्या आठवड्यात तेच दिले जाते. जरा जुने झाले की ते काम खालच्याकडे सरकवायचे. पैसे असतील तर तयार पाकीट मागवायचे, नसतील तर शीतकपाटातली वापरलेली बाटली पुन्हा काढायची. संशोधकाने डोके निष्कर्षात घालावे, तराजू आणि मेजरिंग सिलिंडर यांत वेळ घालवू नये, असे यामागचे तत्त्वज्ञान. अनेक विद्वान गाईड हे प्रामाणिकपणे मानतात आणि विद्यार्थ्यांच्या भल्यासाठीच सांगतात. तरीही मला ते संपूर्ण चुकीचे वाटते. ते का चुकीचे आहे, हे एकाच बाटलीच्या आधारे मांडतो. ही बाटली वेस्टर्न ब्लॉटच्या ट्रान्सफर बफरची.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिने आधी जेलमध्ये आकारानुसार वेगळी करतात. मग विजेच्या साहाय्याने ती जेलमधून बाहेर ओढून नायट्रोसेल्युलोज किंवा पीव्हीडीएफच्या पातळ मेम्ब्रेनवर उतरवतात आणि हवे ते प्रथिन अँटिबॉडीने ओळखतात. हे उतरवणे ज्या द्रावात घडते तो ट्रान्सफर बफर. आज जगभर वापरले जाणारे त्याचे सूत्र बाझेलमधल्या टॉबिन, श्टेहेलिन आणि गॉर्डन यांच्या १९७९ च्या निबंधातले आहे : २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन, २० टक्के मिथेनॉल, पीएच ८.३. लिटरभर बफरसाठी ३.०३ ग्रॅम ट्रिस बेस, १४.४ ग्रॅम ग्लायसिन आणि २०० मिलिलिटर मिथेनॉल. एवढे तीन जिन्नस पाहून कोणालाही वाटेल की यात विचार करण्यासारखे काय आहे. म्हणूनच हे उदाहरण मी निवडले.

पहिला आक्षेप असा असतो : "सूत्र ठरलेले आहे. वजन करा, विरघळवा, पीएच मीटर लावून ८.३ करा, संपले." या वाक्यातला शेवटचा भाग, म्हणजे 'पीएच ८.३ करा', हीच या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे. या बफरचा पीएच आपण करायचा नसतो, तो आपोआप होतो. ट्रिसचा पीकेए ८.१ च्या आसपास आणि ग्लायसिनच्या अमिनो गटाचा ९.६ च्या वर. हे दोन पदार्थ ठरलेल्या प्रमाणात पाण्यात आले की ग्लायसिन आपला एक प्रोटॉन ट्रिसला देते आणि समतोल ८.३ पाशी येऊन थांबतो. या समतोलात ट्रिसचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचाच भाग विद्युतभारित असतो. म्हणजे वीज वाहून नेणारे आयन लिटरमागे जेमतेम ८ ते ९ मिलिमोल. बफर मुद्दामच असा गरीब ठेवलेला आहे. वीज आयनांनी वाहून नेण्यात खर्च होऊ नये, तिने प्रथिने ओढावीत, हा हेतू.

आता मीटरवर ८.४ दिसले म्हणून विद्यार्थ्याने ०.१ खाली आणण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकले असे समजा. हिशेब मांडला तर लिटरमागे सुमारे ३ मिलिमोल ॲसिड लागते. त्यासोबत तेवढेच क्लोराइड येते आणि क्लोराइड हा ग्लायसिनच्या आयनापेक्षा जवळपास दुप्पट चपळ. एवढ्याशा दुरुस्तीने द्रावाची विद्युतवाहकता साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढते. याहून वाईट प्रकार म्हणजे कपाटात शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी ट्रिस बेसऐवजी ट्रिस हायड्रोक्लोराइडची बाटली उचलली जाणे. मग पीएच ८ च्या बराच खाली जातो, विद्यार्थी सोडियम हायड्रॉक्साइड ओतत राहतो आणि शेवटी मीटर ८.३ दाखवतो. आता बाटलीवरचे नाव तेच, पीएच तोच, पण आयन साडेतीन ते चार पट आणि वाहकता त्याहूनही अधिक पट. व्होल्टेज कायम ठेवले तर प्रवाह चढतो, टाकी तापते, जेल मऊ पडते. प्रवाह कायम ठेवला तर व्होल्टेज कोसळते आणि प्रथिनांना ओढणारा जोरच उरत नाही. दोन्हीकडून नुकसान, आणि मीटर मात्र सगळे ठीक आहे असे सांगत असतो. पीएच चुकीचा आला तर तो दुरुस्त करायचा नसतो. काय चुकले ते शोधायचे असते आणि बाटली पुन्हा बनवायची असते. हे ज्याला कळते तो हमाल नाही, त्याला विद्युतरसायन कळते.

तापमानाचा मुद्दा असाच. ट्रिसचा पीकेए दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२८ ने घसरतो. विदर्भात मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत ३५ अंशांना मोजलेला पीएच २५ अंशांच्या मोजमापापेक्षा पाव एककाने खाली दिसेल. तोच द्राव शीतकक्षात ४ अंशांवर अर्ध्या एककाहून अधिक वर जाईल. द्राव दोन्ही वेळा निर्दोष असतो. मीटरवरची तापमान-दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते, ट्रिसचा स्वभाव बदलत नाही. मिथेनॉल टाकल्यावर तर पाण्यासाठी बेतलेल्या इलेक्ट्रोडचे वाचन भरवशाचेच राहत नाही. म्हणून पीएच बघायचा तो मिथेनॉलच्या आधी, खोलीच्या ठरलेल्या तापमानाला, आणि केवळ पडताळणीसाठी.

दुसरा आक्षेप : "सूत्र सगळ्यांसाठी एकच आहे, मग प्रत्येकाने डोके का चालवायचे?" सूत्र एकच नाही, आणि हे सांगायला दूर जायला नको. १९७९ च्या त्या मूळ निबंधातच दोन बफर आहेत. एसडीएस (प्रथिनांना चिकटून ऋणभार देणारे डिटर्जंट) असलेल्या जेलसाठी ट्रिस, ग्लायसिन आणि मिथेनॉल; युरिया जेलमधल्या रायबोसोमच्या प्रथिनांसाठी ०.७ टक्के ॲसेटिक ॲसिड. ही प्रथिने आम्लात धनभारित असतात, म्हणून तिथे मेम्ब्रेनही उलट्या बाजूला, ऋण टोकाकडे ठेवलेला आहे. पद्धत शोधणाऱ्यांनीच पहिल्या दिवसापासून प्रथिन पाहून बफर निवडला. आपण मात्र त्यांच्या निबंधातला एक बफर उचलला आणि दुसरा विसरलो.

मिथेनॉल कशासाठी असते, हे पाहिले की हा मुद्दा उलगडतो. ते जेलला फुगू देत नाही. प्रथिनांना चिकटलेले एसडीएस सोडवते आणि त्यामुळे नायट्रोसेल्युलोजवर त्यांची पकड बसते. पण हेच मिथेनॉल जेलची छिद्रे आवळते आणि मोठी प्रथिने जागच्या जागी साखळवून टाकते. १०० किलोडाल्टनच्या वरच्या प्रथिनांना २० टक्के मिथेनॉलमधून बाहेर काढणे अवघड होत जाते. तिथे मिथेनॉल १० टक्क्यांवर किंवा त्याखाली आणायचे, थोडे एसडीएस घालायचे आणि रात्रभर ३० व्होल्टवर थंडीत चालवायचे. उलट १५ किलोडाल्टनच्या हिस्टोनसाठी २० टक्के मिथेनॉल ठेवायचे, ०.२ मायक्रॉनचा मेम्ब्रेन घ्यायचा आणि वेळ कमी करायचा, नाहीतर प्रथिन मेम्ब्रेन ओलांडून पलीकडे जाते. शिवाय हिस्टोन आम्लारिधर्मी आहेत. त्यांच्या अंगावरचे एसडीएस पूर्ण निघाले तर ८.३ पीएचला ते धनभारित होऊन उलट दिशेने निघतील. अशा वेळी १० मिलिमोलर कॅप्सचा, पीएच ११ चा बफर घेतात. प्रथिनाचा अमिनो-क्रम वाचायचा असेल तेव्हाही कॅप्सच लागतो, कारण ग्लायसिन स्वतःच एक अमिनो आम्ल असल्याने ते क्रमवाचनात ढवळाढवळ करते.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल त्यांनी डिस्ट्रोफिनकडे पाहावे. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी या मुलांच्या स्नायूरोगामागचे हे प्रथिन हॉफमन, ब्राउन आणि कुंकेल यांनी १९८७ साली ओळखले. त्याचे वजन ४२७ किलोडाल्टन. पुढच्याच वर्षी रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासून असे दाखवले गेले की ड्युशेनमध्ये ते जवळजवळ नसते आणि बेकर या सौम्य प्रकारात ते असते, पण आकाराने वेगळे किंवा प्रमाणाने कमी. ही तपासणी वेस्टर्न ब्लॉटनेच झाली. आता विचार करा : नेहमीच्या २० टक्के मिथेनॉलमध्ये, नेहमीच्या तासाभरात कोणी हा ब्लॉट केला आणि ४२७ किलोडाल्टनचे प्रथिन जेलमध्येच राहिले, तर मेम्ब्रेनवर काय दिसेल? काहीच नाही. आणि या रोगात 'काहीच नाही' हेच निदान आहे.

२०१६ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एटेप्लिर्सेन या औषधाला ड्युशेनसाठी त्वरित मान्यता दिली. बारा रुग्णांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिनचे प्रमाण निरोगी माणसाच्या सरासरी ०.१६ टक्क्यांवरून ४८ आठवड्यांनी ०.४४ टक्क्यांवर गेल्याचा आधार त्या मान्यतेला होता. मोजमाप वेस्टर्न ब्लॉटचे. एका टक्क्याच्या आतला हा फरक खरा मानायचा की नाही यावर तज्ज्ञांत कडाक्याचा वाद झाला. ज्या मोजमापावर आजारी मुलांच्या उपचाराचा निर्णय तोलला जातो, त्यात जेलमधून किती प्रथिन बाहेर आले हा प्रश्न दुय्यम कसा असेल?

तिसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. "ट्रान्सफर झाला की नाही ते पोंसो एस या रंगाने लगेच कळते. लाल पट्टे दिसले की पुढे जा." पोंसो जरूर करावा. पण त्याच्याकडून तो देऊ शकत नाही ते उत्तर मागू नये. पोंसो दाखवतो की भरपूर असलेली प्रथिने मेम्ब्रेनवर पोहोचली. आपल्याला हवे असलेले, मोजकेच असलेले, मोठे किंवा फार लहान प्रथिन पोहोचले का, याविषयी तो गप्प असतो. त्यासाठी ट्रान्सफरनंतर जेल कुमासीने रंगवून मागे काय उरले ते पाहायला हवे, आणि लहान प्रथिनांसाठी पहिल्या मेम्ब्रेनच्या मागे दुसरा मेम्ब्रेन लावून पलीकडे काय गेले ते पाहायला हवे. बँड नसण्याची कारणे अनेक : प्रथिन पेशीत नव्हते, अर्कात आले नाही, जेलमध्ये अडकले, मेम्ब्रेन पार करून गेले, अँटिबॉडी बसली नाही. यातली दोन थेट ट्रान्सफरची आहेत. बफर कोणी, कसा, केव्हा बनवला हे ठाऊक नसलेला संशोधक या पाचांतून निवड कशाच्या आधारे करणार? "विद्यार्थ्याने निष्कर्षावर विचार करावा" असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे. निष्कर्षावरचा विचार बँडपासून सुरू होत नाही, तो तराजूपासून सुरू होतो.

चौथा आक्षेप आपल्या परिस्थितीतून येतो, म्हणून तो मला सर्वांत गंभीर वाटतो. "अगं, ते जुनंच वापर, दोन-तीनदा चालतं." निधी उशिरा येतो, रसायनांची बिले अडकतात, मिथेनॉल संपत आलेले असते. काटकसर हा आपल्या प्रयोगशाळांचा गुण आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण वापरलेल्या ट्रान्सफर बफरमधून मिथेनॉल उडून गेलेले असते, जेलमधले एसडीएस आणि क्षार त्यात उतरलेले असतात, इलेक्ट्रोडपाशी झालेल्या अभिक्रियांनी त्याची बफरशक्ती खर्ची पडलेली असते. बाटलीवर २० टक्के लिहिलेले असते, आत किती आहे ते कोणालाच सांगता येत नाही. ट्रिस आणि ग्लायसिन ही कपाटातली सर्वांत स्वस्त रसायने. ब्लॉटमधला खरा खर्च अँटिबॉडीचा आणि रुग्णाच्या किंवा प्राण्याच्या ऊतींच्या नमुन्याचा, जो कधीकधी पुन्हा मिळतच नाही. स्वस्त वाचवून महाग पणाला लावणे ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे.

खरी काटकसर करायची तर तिचे मार्ग आहेत. ट्रिस आणि ग्लायसिनचा दहापट संहत साठा बनवून ठेवा : लिटरला ३०.३ ग्रॅम आणि १४४ ग्रॅम. लागेल तेव्हा त्यातले १०० मिलिलिटर घ्या, आधी पाणी घाला, मग २०० मिलिलिटर मिथेनॉल आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी. मिथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान थोडे आटते आणि द्राव गरम होतो, म्हणून खूण शेवटी गाठायची आणि बफर थंड करूनच टाकीत ओतायचा. मिथेनॉलच्या जागी २० टक्के इथेनॉलही बहुतेक प्रथिनांना चालते. छोट्या टाकीत छोट्या जेलला लागेल तेवढाच बफर बनवा. आणि मिथेनॉलला रसायन म्हणून नाही, विष म्हणून हाताळा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. तोच द्रव आपण उघड्या बीकरमध्ये ओततो, टाकीवर वाकून वास घेतो आणि वापरलेला बफर बेसिनमध्ये सोडून देतो. धुराड्याच्या कपाटात ओतणे, हातमोजे घालणे आणि टाकाऊ द्राव वेगळ्या डब्यात जमा करणे हा या बफरच्या कृतीचाच भाग आहे.

तयार पाकिटांच्या बाजूने जे म्हणता येते ते मी नाकारत नाही. रोज शेकडो नमुने तपासणाऱ्या निदान-प्रयोगशाळेने प्रमाणित, प्रत्येक खेप तपासलेला बफर विकत घ्यावा, तेच योग्य. तिथे माणसागणिक फरक पडता कामा नये. काही मिनिटांत ट्रान्सफर करणाऱ्या नव्या यंत्रांचे बफर उत्पादकांनी गुपित ठेवलेले असतात, आणि त्यांचे ब्लॉट चांगलेही येतात. माझा विरोध विकत घेण्याला नाही, न समजता विकत घेण्याला आहे. ज्याने एकदाही स्वतः बफर बनवला नाही, त्याला पाकीट बिघडल्याचे कळणार नाही, मोठ्या प्रथिनासाठी ते अपुरे आहे हे कळणार नाही आणि पाकीट मिळेनासे झाले की त्याचे संशोधन थांबेल. एमएससीला असलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेने पहिल्या वर्षी पाकीट देणे म्हणजे त्याच्या शिक्षणातला एक पाठ काढून घेणे होय.

शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणाचा, आणि तो मी सर्वांत कळकळीने मांडतो. एलिझाबेथ बिक, आर्तुरो कासाडेव्हाल आणि फेरिक फँग यांनी २०१६ साली ४० नियतकालिकांतले २०,६२१ निबंध तपासले आणि त्यांतल्या ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह प्रतिमा सापडल्या. एकच ब्लॉट दोन ठिकाणी वापरणे, बँड कापून दुसरीकडे चिकटवणे, असे ते प्रकार. यामागे बफर होता असे मी म्हणत नाही. फसवणूक करणारा फसवणूकच करतो. पण अहवालाची तारीख डोक्यावर असताना, बँड का येत नाही याचे उत्तर आपल्या हातात नाही असे ज्याला वाटते, त्याच्यावर मोहाचा दाब किती असेल याचा विचार गाईडांनी करायला हवा. ज्याला प्रत्येक पायरीचे कारण माहीत असते, तो बँड न आल्यावर पुढची चाचणी आखतो. ज्याला माहीत नसते, त्याच्यापुढे नशीब किंवा लबाडी एवढेच दोन मार्ग उरतात. विद्यार्थ्याला कारणे शिकवणे हा त्याला लबाडीपासून वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि कारणे शिकण्याची पहिली जागा बफरचे टेबल हीच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विभागाने ट्रान्सफर बफरच्या बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव, तारीख, ट्रिस बेसचा खेप-क्रमांक, मिथेनॉलचे प्रमाण आणि मोजलेला पीएच लिहिणे सक्तीचे करावे. वहीत 'नेहमीच्या पद्धतीने' हे शब्द स्वीकारू नयेत. प्रबंधाच्या परीक्षकाने तोंडी परीक्षेत ब्लॉट दाखवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे : तुमच्या प्रथिनाचे वजन किती, मिथेनॉल किती ठेवले आणि का? आणि गाईड असलेल्या सहकाऱ्यांनी वर्षातून एकदा नव्या विद्यार्थ्याशेजारी उभे राहून स्वतःच्या हाताने हा बफर बनवावा. ज्या प्रयोगशाळेत सर्वांत ज्येष्ठ माणसाला बाटलीत काय आहे ते सांगता येत नाही, त्या प्रयोगशाळेच्या बँडवर कोणीही विश्वास ठेवू नये.